पवनचक्क्या आणि पक्षी : निरीक्षणपद्धतीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्हे)

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सह्याद्रीच्या माथ्याचे रूप बदलले. शतकानुशतके गुरचराई, मोसमी गवत आणि सोसाट्याचा वारा एवढीच ज्यांची ओळख होती, त्या कातळपठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, ठोसेघर आणि वनकुसवडे, तसेच सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणी आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव ही नावे वीजनिर्मितीच्या नकाशावर आली. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपूरहून (२०२५ मध्ये या शहराचे नामांतर ईश्वरपूर असे करण्यात आले) पश्चिमेस शिराळ्यामार्गे डोंगराकडे जाणाऱ्या प्रवाशाला या पवनचक्क्या आता निसर्गाचाच एक भाग वाटाव्यात, इतक्या त्या परिचयाच्या झाल्या आहेत.

पवनऊर्जा कोळसा जाळत नाही, धूर सोडत नाही. त्यामुळे तिला 'स्वच्छ ऊर्जा' म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या वाऱ्यावर पाते फिरते, त्याच वाऱ्यावर पक्षीही तरंगतो. या दोघांची गाठ पडल्यावर काय घडते, हे जाणून घेण्याचा प्रयत्न जगात गेली सुमारे चार दशके चालू आहे. त्यातील सर्वांत पद्धतशीर प्रयत्न युरोपच्या उत्तरेकडील समुद्रांत, समुद्री पक्ष्यांच्या संदर्भात झाला. सह्याद्रीच्या पठारावर मात्र हा प्रश्न बऱ्याच उशिरा विचारला गेला. या दोन अनुभवांची तुलना करून निरीक्षणाच्या इतिहासातून कोणता बोध मिळतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) सातारा व सांगली जिल्ह्यांतील पवनऊर्जेच्या विस्ताराची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
(२) पवनचक्क्यांचा पक्ष्यांवरील परिणाम मोजण्याच्या पद्धती कशा विकसित होत गेल्या, याचा आढावा घेणे.
(३) समुद्रावरील पवनक्षेत्रांचा अनुभव व चाळकेवाडी पठारावरील अभ्यास यांची तुलना करून पुढील नियोजनासाठी निष्कर्ष काढणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन आणि शासकीय धोरणे यांचा आधार घेतला आहे.

३. पवनऊर्जा : किनाऱ्यापासून पठारापर्यंत

भारतात वाऱ्यापासून वीज मिळविण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाला. १९५२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या माध्यमातून मानेकलाल सांकळचंद ठक्कर यांनी या विषयाला चालना दिली आणि देशातील वाऱ्याच्या वेगाचे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. प्रत्यक्ष पवनक्षेत्रे मात्र १९८६ मध्ये उभी राहिली. गुजरातमधील ओखा, तमिळनाडूतील तुतीकोरिन आणि महाराष्ट्राचा कोकण किनारा येथे प्रत्येकी ५५ किलोवॉट क्षमतेची यंत्रे बसविण्यात आली. म्हणजेच भारतातील पहिल्या पवनचक्क्या समुद्रकाठच्याच होत्या. वाऱ्यापासून वीज मिळू शकते हे दाखवून देणे, एवढाच त्या प्रात्यक्षिक प्रकल्पांचा हेतू होता.

किनाऱ्यावरून पवनऊर्जा घाटमाथ्यावर आली ती वाऱ्याच्या ओढीने. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात आणि माथ्यावरील मोकळ्या पठारांवर त्यांचा वेग वाढतो. चाळकेवाडी येथे १९९० च्या दशकात प्रकल्प सुरू झाले. याच दशकात यंत्रांवरील घसाऱ्याची आयकर सवलत आणि १९९८ च्या राज्य धोरणातील विक्रीकराच्या सवलती यांमुळे खासगी गुंतवणूक मोठ्या प्रमाणावर आली. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगास आहे. तेथील पवनक्षेत्राची क्षमता सुमारे २५९ मेगावॉटपर्यंत गेली आणि देशातील मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होऊ लागली.

या विस्तारामागे जमिनीविषयीची एक दृष्टी होती. शेतीच्या हिशेबात कातळपठार म्हणजे पोटखराबा. त्यावर पीक नाही, झाड नाही, म्हणून तेथे गमावण्यासारखे काही नाही, असा सर्वसाधारण समज होता. २०१२ मध्ये याच प्रदेशातील कास पठार, कोयना आणि चांदोली ही क्षेत्रे पश्चिम घाटाच्या अन्य स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, तेव्हा पठारांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. परंतु तोपर्यंत शेजारच्या पठारांवर पाती फिरू लागून दशकाहून अधिक काळ लोटला होता.

कायद्याची चौकटही याच समजाला धरून होती. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक आहे, त्यांच्या यादीत पवनऊर्जेचा समावेश नाही. वनजमीन वापरायची असेल, तर वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, परंतु खासगी वा महसुली पठारावर यंत्र उभारण्यापूर्वी तेथील पक्ष्यांची नोंद करण्याचे बंधन या अधिसूचनेने घातले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे.

४. पहिला टप्पा : मृत पक्ष्यांची मोजणी

पवनचक्क्या आणि पक्षी हा प्रश्न जगासमोर प्रथम ठळकपणे आला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. १९८० च्या दशकात अल्टामाँट खिंडीत हजारो पवनचक्क्या उभारल्या गेल्या आणि त्यांच्या पायथ्याशी सोनेरी गरुडासह अनेक शिकारी पक्षी मृतावस्थेत सापडू लागले. राज्याच्या ऊर्जा आयोगाच्या वतीने झालेल्या अभ्यासाचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जगभर एक साधी पद्धत रूढ झाली : ठराविक दिवसांच्या अंतराने यंत्राखालील जमीन पायी तपासायची आणि सापडलेले मृत पक्षी मोजायचे.

भारतातही याच पद्धतीने काम झाले. गुजरातमधील कच्छ आणि कर्नाटकातील दावणगेरे येथील पवनक्षेत्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कच्छमध्ये सुमारे ३ वर्षांच्या काळात किमान ११ जातींचे ४७, तर दावणगेरे येथे एका वर्षात ७ मृत पक्षी नोंदले गेले. उत्तर पश्चिम घाटातील भांबरवाडी पवनक्षेत्र पठारावर सतीश पांडे व सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या धडकेच्या धोक्याचे मूल्यमापन केले आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणती जात पात्यांच्या कक्षेत किती वेळा येते, याचा विचार अशा मूल्यमापनात केंद्रस्थानी असतो.

मृत पक्षी मोजण्याच्या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पहिली व्यावहारिक आहे. कोल्हे, मुंगूस, कुत्री आणि कावळे मृत पक्षी लवकरच नेतात, तर पावसाळ्यात कमरेएवढ्या गवतात लहान पक्षी दिसतही नाही. त्यामुळे सापडलेली संख्या ही नेहमीच किमान संख्या असते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. जो पक्षी पवनचक्क्या पाहून ते क्षेत्र कायमचे सोडून गेला, तो मृत पक्ष्यांच्या यादीत कधीच येत नाही. तेथे यादी कोरी राहते आणि कोरी यादी 'परिणाम नाही' अशी वाचली जाते. ही दुसरी मर्यादा समुद्रावर प्रथम उघडी पडली.

५. दुसरा टप्पा : समुद्रावरील पवनक्षेत्रे आणि 'आधी-नंतर' पद्धत

जगातील पहिले समुद्रावरील पवनक्षेत्र डेन्मार्कमधील विंडेबी येथे १९९१ मध्ये सुरू झाले. त्यात ११ यंत्रे होती. २०१७ मध्ये ते काढून टाकण्यात आले. समुद्रावर मृत पक्षी मोजणे जवळजवळ अशक्य असते. पडलेला पक्षी लाटांबरोबर वाहून जातो वा बुडतो. त्यामुळे अभ्यासकांना दुसरी वाट शोधणे भाग पडले. मृत पक्षी मोजण्याऐवजी जिवंत पक्षी मोजायचे, तेही यंत्रे येण्यापूर्वी आणि नंतर, आणि पवनक्षेत्राबरोबरच दूरच्या एखाद्या तुलनाक्षेत्रातही.

या तुलनाक्षेत्राचे महत्त्व डेन्मार्कच्याच तुनो क्नोब येथील अनुभवाने स्पष्ट केले. तेथे १९९५ मध्ये १० यंत्रे उभी राहिली आणि त्यानंतर परिसरातील ईडर जातीच्या समुद्री बदकांची संख्या घटल्याचे दिसले. दोष यंत्रांवर टाकणे सोपे होते. परंतु समुद्रतळावरील शिंपल्यांची पाहणी केल्यावर असे आढळले की, बदकांचे खाद्यच त्या वर्षांत कमी झाले होते. घट खरी होती, पण कारण वेगळे होते. केवळ 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना पुरेशी नाही. जेथे यंत्रे नाहीत तेथे त्याच काळात काय घडले, हेही पाहावे लागते.

पुढे हॉर्न्स रेव्ह (२००२, ८० यंत्रे) आणि नुस्टेड (२००३, ७२ यंत्रे) या दोन मोठ्या पवनक्षेत्रांबरोबर डेन्मार्कने व्यापक निरीक्षण कार्यक्रम राबविला. नुस्टेड येथे रडारच्या साहाय्याने स्थलांतर करणाऱ्या बदके-हंसांच्या थव्यांचे मार्ग आखण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पवनक्षेत्रात शिरणाऱ्या थव्यांचे प्रमाण यंत्रे सुरू झाल्यावर पूर्वीच्या तुलनेत साडेचार पटीने घटले आणि धडकेचा धोका संभवेल इतक्या जवळून जाणारे पक्षी १ टक्क्याहूनही कमी होते. पक्षी धडकत नव्हते, कारण ते वळसा घालत होते.

हॉर्न्स रेव्हने आणखी एक धडा दिला. तेथे कॉमन स्कोटर ही काळी समुद्री बदके सुरुवातीच्या वर्षांत पवनक्षेत्र टाळत होती. निरीक्षण तेथेच थांबले असते, तर 'या जातीने क्षेत्र कायमचे सोडले' असा निष्कर्ष ग्रंथांत नोंदला गेला असता. परंतु २००७ मध्ये हीच बदके यंत्रांच्या मध्ये चरताना आढळली. सर्व जाती मात्र अशा परतत नाहीत. जर्मनीच्या उत्तर समुद्रातील लून पक्ष्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनक्षेत्रे व त्यांच्याभोवतीच्या १ किलोमीटर पट्ट्यात लूनची संख्या ९४ टक्क्यांनी आणि १० किलोमीटर पट्ट्यात ५४ टक्क्यांनी घटली होती. याउलट पाणकावळे पवनक्षेत्राकडे आकर्षित होतात, कारण पंख वाळविण्यासाठी त्यांना समुद्रात आयती बैठक मिळते. यावरून 'पक्ष्यांवर परिणाम होतो काय?' हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या जातीवर, किती अंतरापर्यंत आणि किती वर्षे, असे तो विचारावा लागतो.

धडकेच्या प्रश्नावरही तंत्रज्ञानाने नवा प्रकाश टाकला. इंग्लंडमधील थॅनेट पवनक्षेत्रात रडार व कॅमेरे यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात (२०१८) पक्षी असलेल्या १२ हजारांहून अधिक चित्रफितींत केवळ ६ धडका आढळल्या. स्कॉटलंडमधील ॲबरडीनजवळील दोन वर्षांच्या अभ्यासात (२०२३) एकही धडक नोंदली गेली नाही. हे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत, पण त्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावावयास हवा. धडका कमी असण्याचे कारण पक्षी टाळतात हे आहे, आणि टाळणे म्हणजे काही जातींच्या बाबतीत खाद्याची जागा गमावणे होय.

६. चाळकेवाडी : अनुपस्थितीचे मोजमाप

समुद्रावरील या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील अभ्यासाचे वेगळेपण लक्षात येते. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांच्यासह केलेले हे संशोधन २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यंत्रे उभी राहून तोपर्यंत १६ ते २० वर्षे झाली होती. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना करणे शक्य नव्हते. संशोधकांनी त्याऐवजी यंत्रे असलेली व नसलेली, परंतु अन्यथा सारखी असलेली जवळपासची क्षेत्रे निवडली. काळाची उणीव त्यांनी जागेच्या तुलनेने भरून काढली.

निष्कर्ष स्पष्ट होते. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे तीसा, कापशी घार इत्यादी, जवळजवळ चार पटीने कमी होते आणि जमिनीवरील भक्ष्यावर त्यांनी घातलेल्या झडपाही कमी होत्या. मात्र खरे नावीन्य पुढे होते. पक्ष्यांच्या अनुपस्थितीचा पुरावा संशोधकांनी त्यांच्या भक्ष्यात शोधला. या पठारांवर गळ्याखाली निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांचा पंखा असलेला एक सरडा राहतो. विणीच्या काळात नर दगडावर चढून हा पंखा उघडतो. पवनक्षेत्रात या सरड्यांची संख्या अधिक होती. ते माणसाला अधिक जवळ येऊ देत, त्यांच्या रक्तातील ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी होते, तसेच संख्या वाढल्याने खाद्यासाठीची स्पर्धा वाढून त्यांची शरीरस्थिती खालावली होती. नरांच्या पंख्याचे रंगही तुलनेने फिके होते. घार गेली, म्हणून सरडा निर्धास्त झाला. आणि निर्धास्त सरड्याच्या अंगावरून गेलेल्या घारीचा हिशेब लागला.

या सरड्याच्या नावाचा इतिहासही बोलका आहे. 'सारडा सुपर्बा' या शास्त्रीय नावाने त्याचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील 'सारडा' हे प्रजातीनाम मराठीतील 'सरडा' या शब्दावरूनच घेतले आहे. म्हणजे ज्या पठाराला ओसाड मानून तेथे यंत्रे उभी करण्यात आली, तेथील एका विशेष प्राण्याला विज्ञानाने नाव दिले, तेव्हा त्याच्या डोक्यावर दीड दशकाहून अधिक काळ पाती फिरत होती. नाव नसलेल्या जीवाची नोंद कोणत्याही मूल्यांकनात होऊ शकत नाही.

या अभ्यासाची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. जागेची तुलना ही काळाच्या तुलनेला पूर्ण पर्याय ठरत नाही. यंत्रे नेमकी जेथे वारा अधिक तेथेच उभारली जातात आणि शिकारी पक्षीही वाऱ्याच्या ओढीनेच जागा निवडतात. १९९० पूर्वी या पठारावर किती घारी व गरुड घिरट्या घालत होते, याचे आकडे हाती असते, तर निष्कर्ष अधिक भक्कम झाला असता. ही उणीव संशोधकांची नव्हे. ती त्या काळातील नियोजनाची आहे.

७. पुढील प्रश्न : जुनी पठारे, नवा समुद्र

या चर्चेला आज दोन कारणांनी तातडीचे महत्त्व आले आहे. पहिले कारण पठारांवरच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर लगेच बसविलेल्या यंत्रांचे आयुष्य संपत आले आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जुन्या पवनप्रकल्पांच्या नूतनीकरणाचे व आयुर्मानवाढीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी कमी संख्येची, पण अधिक उंच व मोठ्या पात्यांची यंत्रे येतील. सातारा व सांगलीच्या पठारांना यातून दुर्मिळ संधी मिळते. १९९० च्या दशकात न झालेली 'आधीची' मोजणी आता, यंत्र बदलण्यापूर्वी, करता येईल.

दुसरे कारण समुद्रात आहे. भारताने २०१५ मध्ये समुद्रावरील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी ७४५३ कोटी रुपयांच्या साहाय्य योजनेला मंजुरी दिली. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या टप्प्यात नाही. तरीही समुद्री पक्षी राज्याच्या सीमा ओळखत नाहीत. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवर सुरय पक्षी व पाकोळ्या वीण करतात आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकात त्यांची केलेली नोंद आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. पावसाळी वादळांत बूबीसारखे खोल समुद्रातील पक्षी थकून कोकणच्या किनाऱ्यावर येतात. हे पक्षी कोणत्या मार्गाने, कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या ऋतूत प्रवास करतात, याची सलग काही वर्षांची नोंद पहिले यंत्र पाण्यात उभे राहण्यापूर्वीच व्हावयास हवी.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पवनचक्क्यांचा पक्ष्यांवरील परिणाम केवळ मृत पक्ष्यांच्या संख्येने मोजता येत नाही. समुद्रावरील पवनक्षेत्रे व चाळकेवाडी पठार या दोन्ही ठिकाणी प्रमुख परिणाम पक्ष्यांच्या निघून जाण्यात दिसला.

(२) युरोपातील निरीक्षणाची विश्वसनीयता यंत्रे येण्यापूर्वीच्या नोंदी, तुलनाक्षेत्रे आणि दीर्घ कालावधी या तीन गोष्टींवर उभी आहे. सह्याद्रीत यांपैकी पहिली गोष्ट उपलब्ध नसल्याने परिणाम अप्रत्यक्ष मार्गाने, सरड्याच्या वर्तनातून व शरीरस्थितीतून शोधावा लागला.

(३) हॉर्न्स रेव्ह येथील बदकांचे परतणे आणि लून पक्ष्यांचे न परतणे यांवरून एका जातीचा निष्कर्ष दुसऱ्या जातीला लावणे धोक्याचे ठरते. युरोपातील आकडे सह्याद्रीतील घारीला वा कोकणातील सुरयाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

(४) यंत्रांच्या नूतनीकरणाचा काळ हा पठारांवरील नोंदींसाठी अनुकूल काळ आहे. पक्षिगणनेला महागड्या साधनांची गरज नसते. दुर्बीण, ठराविक जागा, ठराविक वेळ आणि वर्षानुवर्षांचे सातत्य एवढे पुरते. इस्लामपूर, शिराळा, पाटण व सातारा येथील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र आणि भूगोल विभाग विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम करू शकतात.

पवनऊर्जेची गरज निर्विवाद आहे आणि पक्ष्यांच्या नावाने तिला विरोध करण्याचे कारण नाही. यंत्र कोठे उभारावे आणि कोठे उभारू नये, हे ठरविण्यासाठी माहिती लागते आणि ती माहिती गोळा करण्याची वेळ एकदाच येते. चाळकेवाडीच्या पठारावरून १९९० पूर्वीचा एक दिवस आता कोणालाही परत आणता येणार नाही. यंत्रबदलापूर्वीचे आणि समुद्रावरील प्रकल्पांपूर्वीचे दिवस मात्र अजून हाती आहेत.